वाचकांचे प्रश्न : गळती पाईपचं काय करते?

मागच्या अंकात जमिनीखालच्या पाईपांच्या सांध्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतून या वेळी फक्त गळतीबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांना वाया जाणाऱ्या पाण्याची काळजी आहे आणि ती रास्तच आहे. पण माझी सगळी नोकरी पिण्याच्या पाण्याच्या वितरण वाहिन्यांवर गेली. चरात उतरून, चिखल बाजूला करून पाईप बघणं हेच माझं काम. तिथं जे दिसायचं त्याबद्दल फार कमी बोललं जातं: गळती नुसतं पाणी नेत नाही, ती पाईपही खाते. म्हणून आजची उत्तरं त्या बाजूनं देतो आहे.

प्रश्न : आमच्या घरासमोरची जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पाईपलाइन गळू लागली. खड्डा खणून क्लॅम्प (पाईपभोवती आवळायचा पट्टा) बसवला, रस्ता बुजवला. महिना होत नाही तोच त्याच खड्ड्याच्या कडेला, हातभर अंतरावर पुन्हा पाणी वर आलं. शेजारी म्हणतात काम निकृष्ट झालं. काम करणारे म्हणतात पाईपच सडका आहे. खरं कोणाचं?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं, पण दोघंही मातीला विसरले आहेत. तुम्ही लिहिता की पहिली गळती दुरुस्त होण्याआधी बरेच दिवस रस्त्याला ओल होती. त्या दिवसांत जमिनीखाली काय चाललं होतं ते आधी बघू.

पाईपमध्ये 30 मीटर दाब असेल, म्हणजे 30 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, तर भोकातून मोकळ्या हवेत पाणी सेकंदाला सुमारे 24 मीटर वेगानं बाहेर पडतं, म्हणजे ताशी 85 किलोमीटरच्या पुढं. मातीत हा वेग लवकर मरतो, पण भोकाच्या अगदी तोंडाशी तो जवळपास तेवढाच असतो. पाईपभोवती वाळू असेल तर त्या झोतानं तिचे कण एकमेकांपासून सुटे होतात आणि पाण्यात तरंगू लागतात. तेवढ्या जागेत वाळू घट्ट राहत नाही, ती उकळी आल्यासारखी खालीवर फिरत राहते. झोताबरोबर कण वर फेकले जातात, बाजूनं खाली येतात, पुन्हा झोतात ओढले जातात. या फेऱ्यात ते पाईपच्या बाहेरच्या अंगावर आपटत राहतात. दिवसरात्र, पॉलिश पेपर फिरवावा तसे.

खणून काढलेल्या पाईपवर हे स्पष्ट दिसतं. गंजून पडलेल्या भोकाची कड खडबडीत असते, तांबूस पापुद्रे सुटलेले असतात. वाळूनं घासलेल्या भोकाभोवती मात्र धातू उघडा पडलेला असतो, गुळगुळीत आणि चकचकीत. बाहेरून खोलगट बशी आणि तिच्या तळाशी भोक. बोट फिरवलं की कड कुठं सुरू होते ते कळत नाही. नवीन फिटर पहिल्यांदा असा पाईप बघायचे तेव्हा त्यांना वाटायचं कुणीतरी ड्रिलनं भोक पाडलं आहे. मी त्यांना बोट फिरवायला सांगायचो. एकदा तो स्पर्श ओळखीचा झाला की जुनी गळती ओळखायला माणूस कधी चुकत नाही.

पण तुमच्या बाबतीत दुसरी गळती हातभर पलीकडं झाली. तिथं झोत पोचत नाही, पण माती वाहून गेल्याचा परिणाम पोचतो. जमिनीतला पाईप हा पूर्ण लांबीभर खालच्या मातीवर टेकलेला असतो. आम्ही त्याला बेडिंग म्हणतो आणि त्या टेकण्यावरच त्याचं आयुष्य असतं. गळतीचं पाणी वाट काढतं. जवळ गटाराचा फुटका सांधा असेल, दगडी भराव असेल किंवा टेलिफोनच्या केबलची जुनी नळी असेल, तर ते बारीक माती घेऊन तिकडं जातं. मग पाईपखाली पोकळी होते. वरची माती तशीच असते, वाहनं तशीच जात असतात, पण खालचा आधार गेलेला असतो.

100 मिलिमीटरच्या पाईपवर मीटरभर उंचीची माती असेल, तर पाईपच्या दर मीटर लांबीवर दोनशे किलोच्या आसपास वजन असतं. आधार असताना ते जाणवतही नाही. आधार गेला की पाईप दोन टोकांवर टेकलेल्या तुळईसारखं वाकतं. आधाराविना राहिलेली लांबी दुप्पट झाली, तर वाकवणारा जोर चौपट होतो. बीड दाबाला टणक असतं, पण वाकणं त्याला सोसत नाही. म्हणूनच लहान व्यासाचे बिडाचे पाईप बहुतेक वेळा गोल कापल्यासारखे आडवे तडकतात. मोठ्या व्यासाचे पाईप वाकायला तयार नसतात, ते लांबीत चिरतात.

तुमच्या दुसऱ्या गळतीचा पाईप काढला असेल, तर एवढंच विचारा: चीर आडवी आणि पूर्ण गोल होती का? तशी असेल तर पाईप वाकून तुटलाय. पहिल्या खड्ड्यात तळाचा आधार पुन्हा भरला गेला नसावा असंच मी म्हणेन.

ही तुमच्या एकट्या रस्त्याची कथा नाही. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या जलवाहिन्यांचा अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. त्यात असं आढळलं की एकूण बिघाडांपैकी 22 टक्के बिघाड आधीच्या बिघाडापासून एका मीटरच्या आत झाले होते आणि त्यातले बरेचसे तर लगेच, एका दिवसाच्या आत. एक गळती पुढच्या गळतीची जागा तयार करून ठेवते, याहून स्पष्ट आकडा मला माहीत नाही.

आता दुरुस्ती. क्लॅम्प बसवला म्हणजे काम संपलं ही समजूत मला फार त्रास देते. खड्डा पाईपच्या खाली निदान वीतभर तरी न्यायला हवा. पाणी उपसायचं, तळातला पातळ चिखल पूर्ण काढायचा, दोन्ही बाजूंना घट्ट, न हललेली माती लागेपर्यंत चर वाढवायचा. मग वाळू किंवा बारीक मुरूम साधारण 150 मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर धुमसानं ठोकायचा. पाईपच्या पोटाखालचे दोन कोपरे हातानं भरायचे, कारण धुमस तिथं पोचत नाही. घाईत नेमके तेच कोपरे रिकामे राहतात. खणून काढलेला ओला चिखल आणि दगड तसेच परत ढकलले, तर पाईप एका दगडावर टेकतं आणि बाकी लांबी अधांतरी राहते.

आणखी एक. दुरुस्तीनंतर व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं जात असेल आणि ते एकदम थांबलं, तर लोखंडी वाहिनीत सुमारे 100 मीटरचा जादा दाब क्षणभर उठतो. रशियन अभियंता झुकोव्हस्की यांनी 1898 साली हे गणित मांडलं. रिकामी वाहिनी भरताना पुढचं पाणी हवा ढकलत टोकाशी येऊन आदळतं, तेव्हाही असाच धक्का बसतो. आधीच पोकळीवर उभा असलेला पाईप तो धक्का सोसत नाही. दुरुस्तीनंतर काही तासांतच बाजूला फुटलं, तर मी आधी व्हॉल्व्ह कसा उघडला ते विचारतो.

प्रश्न : रस्त्याला फक्त ओल दिसते, पाणी वाहत नाही. इतक्या बारीक गळतीसाठी रस्ता खोदावा का? पुढं मोठं काम निघेल तेव्हा बघता येणार नाही का?

वर दिसणारी ओल आणि खालची गळती यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. खाली मुरूम किंवा भेगाळ खडक असेल तर बहुतेक पाणी खालीच जातं, वर येते ती उरलीसुरली ओल. 30 मीटर दाबाला 3 मिलिमीटरच्या भोकातून दिवसाला साधारण 9 हजार लिटर पाणी जातं. घासून घासून भोक 6 मिलिमीटरचं झालं की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे 36 हजार लिटर.

तुम्हाला पाण्याच्या आकड्यापेक्षा वेळेचा आकडा महत्त्वाचा वाटायला हवा. मोठी फूट सगळ्यांना दिसते, तक्रारी येतात आणि काही तासांत पाणी बंद होतं. बारीक गळती महिनोन् महिने चालते. तेवढा वेळ वाळू घासते, माती वाहते, लोखंड ओलं राहतं. माझ्या अनुभवात पाईपचं सगळ्यात जास्त वाटोळं याच गळत्यांनी केलेलं असतं. खोदा, आणि लवकर खोदा.

तोवर निदान रात्रीचा दाब कमी करता येतो का, ते विचारा. मध्यरात्रीनंतर नळ बंद असतात, त्यामुळं वाहिनीतला दाब चढतो आणि गळती दिवसापेक्षा जोरात चालते.

प्रश्न : आमच्या इमारतीकडं येणारा जुना पाईप कापून काढला. मला तो अगदी अखंड दिसला, जाडीही पूर्ण होती. फिटर म्हणतो तो आतून मेलेला आहे आणि सगळी लांबी बदलावी लागेल. फसवत तर नाही ना?

नाही, ताई. निदान याच एका गोष्टीवरून तरी त्याच्यावर संशय घेऊ नका. तो तुकडा फेकला नसेल तर साधी चाकूची टोकदार पात घ्या आणि पाईपवर जोरानं ओढा. चांगल्या बिडावर नुसता ओरखडा उठतो. तुमच्या तुकड्यावर पात आत शिरली, काळी मऊ भुकटी निघाली आणि बोटांना पेन्सिलच्या शिशासारखा काळा डाग लागला, तर फिटरचं म्हणणं खरं आहे.

जुन्या करड्या बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विणलेले असतात. ओल्या मातीत लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइट आणि गंज यांचा सांगाडा जागच्या जागी उरतो. आकार तोच, जाडी तीच, वरची ओतीव अक्षरंसुद्धा वाचता येतात. पण ताकद गेलेली असते. कित्येकदा असा पाईप केवळ सवयीनं पाणी धरून असतो. मग एका रात्री दाब चढतो किंवा वरून जड वाहन जातं आणि तो हातरुंद तुकड्यासकट सुटतो.

यात गळतीचा हात कसा, ते सांगतो. कोरडी माती वीज फारशी वाहू देत नाही, ओली देते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. गळतीजवळची माती चिंब असते, तिच्या पोकळ्यांत हवा उरत नाही. चार हात पलीकडची माती मोकळी असते, तिथं हवा खेळते. एकाच पाईपचा एक भाग हवेशीर आणि दुसरा गुदमरलेला, अशी स्थिती झाली की दोघांमध्ये बारीक प्रवाह सुरू होतो आणि गुदमरलेला भाग झिजतो. चिकणमातीत पाणी साचून राहिलं तर तिथं सल्फेटवर जगणारे जिवाणूही वाढतात. अशी माती काळीशार होते आणि फावडं मारताच कुजकट वास येतो. तो वास आला की मी पाईप दोन्ही बाजूंना लांबपर्यंत उघडा करायला सांगायचो. भोक एका जागी दिसतं, पण पाईप बराच दूरवर खाल्लेला असतो.

सगळी लांबी बदलायला हवी हे फिटरचं म्हणणं मला आणखी एका कारणानं पटतं. जुन्या गंजलेल्या लोखंडात मधेच नवा लोखंडी तुकडा जोडला, तर बऱ्याचदा जुनं टिकतं आणि नवा तुकडाच आधी झिजतो. जुन्यावर गंजाचा थर असतो, नव्याचा धातू उघडा असतो, आणि त्या जोडीत झिजण्याची पाळी नव्यावर येते. ठिगळाचे बोल्ट तर हमखास जातात. पैशांमुळं तुकडाच टाकायचा असेल, तर बोल्टसकट सगळ्यावर चांगलं आवरण चढवून घ्या. शक्य असेल तर तुकडा प्लास्टिकचा टाका.

प्रश्न : सर, मी नुकताच कामाला लागलो आहे. आमच्याकडं सगळी लाइन पीव्हीसी आणि एचडीपीईची, म्हणजे प्लास्टिकची आहे. गंज नाही म्हणजे गळतीनं पाईपला काही होणार नाही असं वरिष्ठ सांगतात. बरोबर आहे का?

गंजापुरतं बरोबर. पण वाळूचं घासणं प्लास्टिकलाही लागू आहे आणि आधार वाहून जाणं तर सगळ्यांनाच. पीव्हीसीचा मोठा शत्रू टोकदार दगड आहे. बेडिंग वाहून गेलं की पाईप खाली बसून एखाद्या दगडावर टेकतं. तेवढ्या बिंदूवर सगळा भार येतो आणि तिथून केसासारखी चीर निघते. ती एका दिवसात वाढत नाही. दाब चढला, उतरला, चढला, असं करत ती लांबीत सरकते. रबर रिंगचे सांधे मातीच्या आधारावरच सरळ राहतात. माती गेली की सांधा तिरका होतो आणि रिंग एका बाजूला सुटते.

आणखी एक गोष्ट तुमच्या वरिष्ठांना जरूर दाखवा. लोखंडातलं गोल भोक दाब वाढला तरी तेवढंच राहतं, म्हणून दाब दुप्पट केला तर गळती साधारण दीडपटीच्या आत वाढते. प्लास्टिकमधली लांब चीर दाबानं उघडते. तिथं दाब दुप्पट झाला की गळती चौपटही होऊ शकते. याच कारणानं दाब थोडा उतरवला तरी प्लास्टिकच्या लाइनला मोठा आराम मिळतो.

आणि शोधायला प्लास्टिक कठीण. लोखंडावर गळतीचा आवाज लांबवर ऐकू येतो, प्लास्टिक तो गिळून टाकतं. ऐकण्याची काठी लावून काही कळलं नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. व्हॉल्व्हचे टप्पे एकेक बंद करत रात्रीचा प्रवाह मोजा. वेळ लागतो, पण आकडा खोटं बोलत नाही.

शेजारच्या वाहिन्यांचंही भान ठेवा. झोत ज्या दिशेला असेल तिथं वीतभरावर दुसरा पाईप असला, तर वाळू त्यालाही घासते. पाणी आणि गॅस शेजारी असले की काय होतं ते डिसेंबर 2022 मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड शहरातल्या स्टॅनिंग्टन भागानं पाहिलं. फुटलेल्या जलवाहिनीमुळं गॅसच्या पाईपला इजा झाली आणि पाणी गॅसच्या जाळ्यात शिरलं. दहा लाख लिटरहून जास्त पाणी उपसावं लागलं आणि दोन हजारांवर घरं ऐन थंडीत गॅसविना राहिली. नवीन लाइन टाकताना दोन पाईपांमध्ये अंतर मागितलं की लोक कुरकुर करतात. तुम्ही मात्र मागत राहा.

प्रश्न : कोपऱ्यावर बरेच महिने पाणी झिरपत होतं. गेल्या पंधरवड्यात ते आपोआप थांबलं, जागा कोरडी झाली. गळती बुजली म्हणायची ना?

कृपा करून आजच कळवा. बारीक गाळ अडकून एखादं अगदी लहान भोक काही काळ मंदावतं हे खरं. पण महिनोन् महिने वाहणारं पाणी एकाएकी गायब झालं, तर मला पहिली भीती ही वाटते की त्याला खाली नवी वाट सापडली. ती वाट बहुधा गटाराची असते. तिथून पाणी एकटं जात नाही, माती घेऊन जातं, आणि रस्त्याखाली पोकळी वाढत राहते. वर डांबर तसंच असतं, एखाद्या दिवशी ते खचतं. तोवर त्या कोपऱ्यावर जड वाहन उभं राहू देऊ नका. आजूबाजूच्या गटाराचं झाकण उघडून बघायला सांगा. पहाटे, कुणी नळ वापरत नसताना, त्यात स्वच्छ पाणी सतत वाहताना दिसलं तर उत्तर मिळालं.

दुसरा धोका पिण्याचा. गळतीच्या जागी आता गटार आणि जलवाहिनी यांच्यात ओली वाट झाली आहे. दाब आहे तोवर पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला किंवा दाब पडला की त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. पुरवठा सुरू झाल्यावर सुरुवातीचं पाणी गढूळ येत असेल किंवा वास येत असेल, तर ते पिऊ नका आणि तक्रारीत हे स्वतंत्र लिहा. नुसत्या ओलीच्या तक्रारीपेक्षा पाणी दूषित होत असल्याच्या तक्रारीकडं लवकर लक्ष जातं, आणि जायलाच हवं.

प्रश्न : मीटरपासून घरापर्यंतचा पाईप गळतोय का, हे खोदल्याशिवाय कसं कळेल?

रात्री घरातले सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पहिला नळ सोडण्याआधी पुन्हा बघा. मधे पुरवठा चालू होता याची खात्री असू द्या, नाहीतर मीटर हलणारच नाही. आकडा सरकला असेल तर गळती तुमच्या बाजूला आहे. सरकला नसेल, तरी मीटरच्या आधीची गळती यात सापडत नाही. तिच्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मीटरजवळच्या व्हॉल्व्हवर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. न थांबणारी बारीक सूं ऐकू आली तर पाणीपुरवठा विभागाला कळवा, आणि तक्रारीत ऐकल्याची वेळ लिहा.